जुन्या ट्रकची राखण : काही अनुभवाचे बोल

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा कोणत्या विषयावर लिहावे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म धान्याच्या पोत्यांत गेलेला. विद्वत्तेचा विषय आमच्या हाती शोभणार नाही. तेजी-मंदीवर लिहावे, तर लेख छापून हाती पडेपर्यंत भाव शिळे झालेले असतात. तेव्हा ज्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे, आणि जो विषय आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात रोज रात्री उभा असतो, तोच घ्यावा असे ठरविले. तो विषय म्हणजे जुना ट्रक आणि चोरापासून त्याची राखण.

नव्या ट्रकविषयी आम्हांस फारसे सांगावयाचे नाही. नव्या ट्रकवर बँकेचे अथवा फायनान्स कंपनीचे कर्ज असते, आणि कर्ज देणारा पुऱ्या विम्याचा आग्रह धरतो. शिवाय 2020 च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 ट्रकांचे इंजिन विजेच्या व संगणकाच्या आज्ञेत चालते. ते नुसत्या दांडगाईने सुरू होत नाही. जुन्या ट्रकचे कर्ज फिटलेले असते, हप्ता संपलेला असतो, आणि हप्त्याबरोबर मालकाची काळजीही संपलेली असते. बारा-पंधरा वर्षे धावलेला, रंग उडालेला, फाळक्याला ठिगळे लावलेला ट्रक कोण नेणार, अशी आपली समजूत असते. हीच समजूत आम्हांस एके रात्री फार महाग पडली.

आमचे आजोबा खानदेशातून गायकवाडी मुलुखात आले आणि सावलीस स्थिरावले. बडोद्याच्या उत्तरेचे हे तालुक्याचे गाव. 1732 साली डाकोरास पिलाजीराव गायकवाडांचा घात झाला, तेव्हा त्यांच्या देहास अग्निसंस्कार सावलीतच झाला, म्हणून बडोद्याकडील मराठी कुटुंबांस हे गाव परके नाही. आजोबांच्या काळी येथील तूर आणि भात बैलगाड्यांतून बडोद्यास जाई. वाटेत मुक्काम पडला की गाडीवान सर्वांत आधी बैल सोडी. जू जमिनीला टेकले की ती गाडी चोराच्या काही कामाची राहत नसे. बैल गाडीवानाच्या उशाशी बांधलेले असत, आणि ते हलले की गळ्यातल्या घुंगरांनी तो जागा होई.

पुढे 1954 साली टाटांनी मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बनविण्यास प्रारंभ केला आणि हळूहळू धान्याची पेठ बैलगाडीवरून ट्रकवर आली. सोय झाली, वेळ वाचला, धंदा वाढला. परंतु ट्रकचे बैल त्याच्या पोटातच असतात. रात्री तेही सोडावे लागतात, ही आजोबांची साधी रीत मात्र आपण मागे टाकली. या लेखात जे सांगावयाचे आहे, त्याचे मूळ एवढेच आहे.

आमचा सहाचाकी ट्रक 2003 सालचा. 2017 च्या जानेवारीत त्याला चौदावे वर्ष चालू होते. उत्तरायणापूर्वी तुरीची एक खेप बडोद्याच्या हाथीखान्यात उतरवून तो रिकामा परत आला होता आणि नेहमीप्रमाणे गोदामामागच्या मोकळ्या जागेत, तोंड रस्त्याकडे करून उभा होता. पहाटे विनाखोळंबा निघता यावे म्हणून तो तसा उभा करण्याची सूचना आमचीच होती. 15 तारखेस वासी उत्तरायण झाले. दोन दिवस पतंग उडवून दमलेले गाव त्या रात्री गाढ झोपले. 16 तारखेस सकाळी गोदामावरचा हमाल आला आणि त्याने सहज विचारले, "शेठ, ट्रक आज कुठे पाठवला?" आम्ही मागे जाऊन पाहिले, तो जमिनीवर तेलाचा एक काळा डाग तेवढा होता.

आमचा ड्रायव्हर आमच्याकडे अठरा वर्षे होता. लाखो रुपयांचा माल त्याच्या हातून गेला, पण पावतीत कधी एका पोत्याचा फरक आला नाही. तथापि ट्रकची किल्ली त्याच्याकडे असे, आणि जागेवर फुटलेल्या काचेचा तुकडाही पडलेला नव्हता. फिर्याद लिहविताना "कोणावर संशय?" असा प्रश्न आला. आम्ही क्षणभर थांबलो आणि त्याचे नाव सांगितले. दोन दिवस तो चौकशीसाठी ठाण्यात बसून होता. सावलीसारख्या गावात अशी बातमी दडत नाही. त्याच्या गल्लीतील बायका पाण्याच्या नळावर त्याच्या घरच्यांना विचारू लागल्या. चौकशीत काही निघाले नाही. तो घरी गेला, पण दुसऱ्या दिवशी पेढीवर आला नाही.

बाराव्या दिवशी महामार्गालगतच्या एका ओसाड जागी ट्रकचा सांगाडा सापडला. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सहाही चाके, बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री, सारे काढून नेलेले होते. महिन्याभराने दुसऱ्या एका चोरीत दोघे धरले गेले आणि त्यांनी आमच्या ट्रकचीही कबुली दिली. त्यांना किल्ली लागलीच नव्हती. दरवाजाचे कुलूप आणि इग्निशनचा स्विच इतके झिजलेले होते की एका चपट्या पान्याने दोन्ही फिरले. आता ऐकावे : स्विच झिजला आहे, तो बदलावा, असे ड्रायव्हरने आम्हांस तीन वेळा सांगितले होते. साडेतीनशे रुपयांचे ते काम. तिन्ही वेळा आम्ही म्हणालो, "पुढच्या खेपेला पाहू."

याहून मोठी शरम पुढेच होती. एका भंगारवाल्याच्या वखारीतून पोलिसांनी एकाच बनावटीचे चार गिअरबॉक्स काढून मांडले आणि आपला कोणता ते ओळखण्यास आम्हांस सांगितले. चौदा वर्षे आम्ही त्या ट्रकचे मालक होतो, पण आम्हांस ओळखता येईना. आमची कसलीही खूण त्यावर नव्हती. अखेर ड्रायव्हरलाच निरोप पाठविला. तो आला. कोणाशी न बोलता खाली वाकला, एकेका गिअरबॉक्सचा कोपरा फडक्याने पुसत गेला, आणि तिसऱ्यावर थांबला. काही वर्षांपूर्वी हालोलच्या वाटेवर दगड लागून गिअरबॉक्सचा एक कान तुटला होता, तो त्याने उभे राहून जोडून घेतला होता. त्या जोडावर बोट ठेवून तो म्हणाला, "हा आपला." ज्याला आम्ही चोर ठरविले, तोच आमचा साक्षीदार झाला.

या प्रकरणानंतर जाणत्या मिस्त्रींकडून, विम्याच्या एजंटाकडून आणि वकिलांकडून जे समजले, ते क्रमाने सांगतो.

चोराला जुनाच ट्रक का हवा असतो?

पहिले कारण, जुन्या ट्रकचे सुटे भाग वर्षानुवर्षे एकाच बनावटीच्या गाड्यांत चालतात. अखंड ट्रक विकावयाचा तर कागद लागतात. तुकडे करून विकावयाचा तर काही लागत नाही. दुसरे कारण, नव्या वाहनांना जसजसे चांगले कुलूप मिळते, तसतसा चोर कुलूप नसलेल्या जुन्याकडे वळतो. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इंजिन अडविणारे विजेचे यंत्र सक्तीचे झाले. अशा यंत्राने नवी मोटार सुरक्षित होते, पण आधीच्या मोटारी जशाच्या तशा राहतात. आपल्याकडेही तेच आहे. तिसरे कारण, आता रस्ते रात्रभर वाहते असतात. सावलीच्या वाटेवर मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे. 2008 साली सावलीजवळ रेल्वेच्या व मेट्रोच्या डब्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. रात्री दोन वाजता एक ट्रक गेला तर त्याच्याकडे कोण पाहणार? बडोद्याजवळून 48 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. ताशी चाळीस किलोमीटरच्या संथ वेगानेही पाच तासांत दोनशे किलोमीटर अंतर तुटते. सकाळी मालक जागा होतो तेव्हा ट्रक दुसऱ्या जिल्ह्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात असतो.

बैल कसे सोडावेत?

जुन्या डिझेल इंजिनाचा स्वभाव प्रथम समजून घ्यावा. पेट्रोलच्या इंजिनास ठिणगी लागते, म्हणजे वीज अखंड लागते. जुन्या डिझेल इंजिनास वीज फक्त स्टार्टर फिरविण्यापुरती लागते. एकदा ते सुरू झाले की पंप डिझेल ढकलीत राहतो आणि दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटत राहते. किल्ली काढून घेतली तरी पुष्कळ जुनी इंजिने चालतच राहतात. म्हणून या ट्रकमध्ये किल्ली ही राखण नव्हे. बैल दोन आहेत : एक बॅटरी, दुसरा डिझेल. दोन्ही सोडावेत.

बॅटरीच्या तारेवर मेन स्विच बसवावा आणि रात्री तो बंद करून त्याची चावी काढून घ्यावी. खर्च थोडा, काम मोठे. परंतु एवढ्यावर विसंबू नये. चोर दुसरी बॅटरी आणू शकतो, किंवा उतारावरून ट्रक ढकलून सुरू करू शकतो. म्हणून डिझेलच्या टाकीकडून फिल्टरकडे जाणाऱ्या नळीवर, सहज हाताला लागणार नाही अशा जागी, एक तोटी बसवावी. ती बंद असली की इंजिन फिल्टरमध्ये व नळीत उरलेल्या डिझेलवर थोडा वेळ चालते आणि मग बंद पडते. मौज अशी की तोपर्यंत नळीत हवा शिरलेली असते. पुन्हा तोटी उघडली तरी हातपंपाने ती हवा काढल्यावाचून इंजिन धरत नाही. भर रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकची हवा काढीत बसण्याइतका धीर चोराजवळ नसतो. तोटी जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवून घ्यावी, ती गळत नाही याची खात्री करावी, आणि ट्रक उभा असतानाच ती फिरवावी. ब्रेकच्या नळीला मात्र चोरीच्या भयाने कधीही हात लावू नये. ट्रक गेला तर पैसा जातो. ब्रेक गेला तर माणसे जातात.

तिसरी गोष्ट दिसणाऱ्या कुलपाची. स्टेअरिंग आणि क्लचचे पेडल जखडणारी लोखंडी साखळी, गिअरच्या दांड्याचे कुलूप, चाकाला लावावयाची कैची, यांपैकी एक तरी काचेतून अथवा बाहेरून दिसेल असे लावावे. लोखंड कापता येते हे खरे. परंतु त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि चोराला नको असतात त्या दोनच गोष्टी. छुपी तोटी चोराला थांबविते. दिसणारी साखळी त्याला जवळच येऊ देत नाही. दोन्ही असावीत.

चौथी गोष्ट उभे करण्याची. ट्रक तोंड भिंतीकडे करून उभा करावा, पुढची चाके पूर्ण वळवून ठेवावीत. मग तो काढावयाचा म्हणजे मागे घ्यावा लागतो, वळवावा लागतो; वेळ जातो. आम्ही स्वतः तोंड रस्त्याकडे करवून चोराची सोय करून ठेवली होती. पहाटेची पाच मिनिटे वाचवावयाची आणि ट्रक घालवावयाचा, हा व्यापार आम्ही केला, तो कोणी करू नये. दोन गाड्या असतील तर जुन्या गाडीच्या आड दुसरी उभी करावी. गोदामावर दिवा असावा, आणि तो ट्रकवर पडावा, रखवालदाराच्या डोळ्यांवर नव्हे.

पाचवी गोष्ट किल्लीची. झिजलेला स्विच आणि दरवाजाची कुलपे बदलावीत. किल्ल्या किती, कोणाकडे कोणती, हे वहीत लिहावे. किल्ली चटईखाली किंवा आरशामागे ठेवण्याची जागा आपल्याला जितकी माहीत असते, तितकीच चोरालाही असते. हिवाळ्यात पहाटे इंजिन चालू ठेवून ढाब्यावर चहा पिण्याची कित्येकांना सवय असते, तीही सोडावी.

सहावी गोष्ट जीपीएस यंत्राची. आता हे स्वस्तात मिळते आणि ट्रक कोठे आहे ते मोबाइलवर दिसते. परंतु ते कुलूप नव्हे, तो केवळ गुप्त हेर आहे. तो दर्शनी जागी लावू नये. त्याला स्वतःची लहान बॅटरी असावी, म्हणजे ट्रकची बॅटरी काढली तरी तो बोलत राहील. आणि त्याच्या सिमकार्डाचे पैसे वेळच्या वेळी भरावेत. फास्टॅग 2021 च्या फेब्रुवारीपासून महामार्गांच्या टोलनाक्यांवर सक्तीचा झाला आहे. पैसे वळते झाल्याचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो. त्यासाठी नोंदविलेला क्रमांक चालू असला पाहिजे, आणि तो मुनीमाच्या जुन्या फोनचा नसावा.

सातवी गोष्ट आम्हांस सर्वांत महाग पडलेली. आपल्या वस्तूवर आपली खूण असावी. चेसिसचा नंबर कारखान्यातूनच उमटवलेला असतो. पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल, स्टार्टर, चाकांच्या रिमा, बॅटरी, काचा यांवर गाडीचा नंबर पंचाने अथवा कोरून उमटवून घ्यावा. ताडपत्रीवर तेलरंगाने लिहावा. प्रत्येक खुणेचे छायाचित्र काढून घरी ठेवावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आम्ही चौदा वर्षांत केले नाही, म्हणून चार गिअरबॉक्सपुढे खाली मान घालून उभे राहावे लागले.

विमा आणि कायदा

पुष्कळ सभासद जुन्या ट्रकवर फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात. कायद्याने तेवढा सक्तीचा आहे, म्हणून तेवढ्यावर भागते असे वाटते. पण त्या विम्यातून दुसऱ्याचे नुकसान भरून निघते. आपला ट्रक चोरीला गेला तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. ट्रकला दहा वर्षे झाल्यावर आम्हीही पुरा विमा बंद केला होता. वर्षाला साडेपाच हजार वाचले असे आम्हांस वाटले. गेला तो सव्वातीन लाखांचा ट्रक. ज्या घोषित किमतीस विम्याच्या कागदांत आयडीव्ही म्हणतात, ती पहिल्या पाच वर्षांत ठरलेल्या दराने कमी होत जाते. पाच वर्षांनंतर मात्र ती मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. म्हणून हप्ता कमी व्हावा या लोभाने ती फार खाली आणू नये. चोरीच्या दाव्यात कंपनी ट्रकच्या सर्व किल्ल्या मागते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ कागद ट्रकमध्ये ठेवू नयेत. डिजिलॉकर अथवा एमपरिवहन यांतील कागद 2018 पासून ग्राह्य धरले जातात.

चोरी झालीच, तर "आज शोधू, उद्या पाहू" असे करू नये. त्याच दिवशी फिर्याद नोंदवावी आणि त्याच दिवशी विमा कंपनीस लेखी कळवावे. चोर अज्ञात असेल तर गुजरातेत 2022 पासून वाहनचोरीची फिर्याद इ-एफआयआरने घरून देता येते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या 305 व्या कलमान्वये माल अगर उतारू वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. उशीर झालेल्या मालकांनाही न्यायालयाने दिलासा दिला आहे. एका ट्रकमालकाच्या दाव्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चोरी खरी असेल आणि विलंबाचे कारण पटण्याजोगे असेल, तर केवळ विलंबापायी दावा फेटाळू नये. फिर्याद तात्काळ दिली असेल तर कंपनीस कळविण्यात झालेला उशीर एकटा पुरेसा नाही, असे 2020 साली तीन न्यायमूर्तींनी ठरविले. 2023 साली तर चौकशीसाठी खाली उतरलेल्या ड्रायव्हरने किल्ली ट्रकमध्येच ठेवली होती, तरी रकमेचा पाऊण हिस्सा देवविला. पण यातून "उशीर चालतो, किल्ली राहिली तरी चालते" असा अर्थ कोणी काढू नये. हे मालक वर्षानुवर्षे कज्जे लढून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा त्यांना हे मिळाले. आणि पावणेसोळा आणे नव्हे, बारा आणेच मिळाले. ज्याला दुकान चालवावयाचे आहे, त्याला हा मार्ग परवडणारा नाही.

चोरी कोठे संपते?

आता एक गोष्ट लिहिण्यास लेखणी अडखळते, परंतु ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. त्या भंगारवाल्याच्या वखारीत उभे असताना आमच्या मनात एक जुना प्रसंग आला. चोरीच्या दोन वर्षे आधी आमच्या ट्रकचा स्टार्टर बिघडला होता. बाजारात एकाने अर्ध्या किमतीत दुसरा दिला. बिल नव्हते, आम्ही मागितलेही नाही. स्वस्त मिळाला म्हणून घरी येऊन सांगितले. तो स्टार्टर कोणत्या ट्रकचा होता? कोणत्या मालकाच्या दारात तेलाचा डाग उरला होता? कोणत्या ड्रायव्हरवर संशय आला होता? तेव्हा आम्हांस यांतले काही सुचले नाही.

आपल्या शास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांच्या आणि भेसळीच्या जोडीला चोरीस प्रवृत्त करणे व चोरीचा माल घेणे हेही गणले आहेत. वजनाच्या बाबतीत आपण व्यापारी सावध असतो. दुकानातला काटा तपासून घेतो. परंतु सुट्या भागांच्या बाजारात गेल्यावर तीच सावधगिरी दुकानातच राहते. कायदाही तेच सांगतो : माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, अथवा तसे मानण्यास कारण असून, जो तो घेतो, त्यास न्याय संहितेच्या 317 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी व्यवहार उघड आहे. जुन्या ट्रकचे तुकडे विकले जातात म्हणूनच जुना ट्रक चोरला जातो. आणि ते तुकडे विकत घेणारे दुसरे कोण असणार? जुन्या ट्रकांचे मालकच, म्हणजे आपणच. बिलावाचून एकही सुटा भाग घ्यावयाचा नाही आणि भागावर घासलेला नंबर दिसला तर दुकान सोडून चालू लागावयाचे, एवढा नियम मंडळाच्या सभासदांनी पाळला, तरी त्याचे मोल शंभर साखळ्यांहून अधिक होईल असे आम्हांस वाटते.

पर्युषण संपल्यावर आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो आणि हात जोडून क्षमा मागितली. त्याने खाट टाकली, घरात चहा ठेवण्यास सांगितले, आमच्या घरच्या मंडळींची चौकशी केली. आम्ही दुसरा ट्रक घेतला होता. तो पूर्वीसारखा तुझ्याच हाती देतो, कामावर परत ये, असे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आपल्या गुजराती बोलीत म्हणाला, "शेठ, मनात काही नाही. पण तुमच्या ट्रकची किल्ली आता माझ्या हाती नको." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो आता एका कारखान्याची गाडी चालवतो. वाटेत भेटला की हात वर करतो, आम्हीही करतो.

आमच्या हल्लीच्या ट्रकलाही आता पंधरा वर्षे होत आली. भिंतीकडे तोंड करून तो उभा असतो. मेन स्विचची चावी पेढीतील पेटीत असते, तोटीची जागा ठाऊक असलेली माणसे दोनच आहेत, आणि पुरा विमा चालू आहे. पेढीवर एक निराळी वही ठेवली आहे. ड्रायव्हर ट्रकविषयी जे सांगेल ते त्याच दिवशी तीत लिहावयाचे, आणि आठ दिवसांच्या आत ते काम झाल्याची खूण समोर करावयाची, असा नियम आहे. ही वही आमच्याकडे पूर्वी असती, तर तिच्या पहिल्या पानावर साडेतीनशे रुपयांचा स्विच असता, आणि बहुधा हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. सभासद बंधूंनी निदान ही वही तरी या दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी इतर वह्यांबरोबर घालावी, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.